वडिलोपार्जित घड्याळ

प्रत्येक जुन्या कुटुंबात काही वस्तू अशा असतात की त्यांची किंमत विचारली असता कोणासही सांगता येत नाही. वाटणीची वेळ आली म्हणजे मात्र सर्वांची दृष्टी प्रथम त्यांच्यावरच जाते. जमीन, घर, दागिने ह्यांचे भाग पाडता येतात. त्यासाठी कायदा आहे, तराजू आहे, आणि वकील तर आहेतच. परंतु देवघरातील पंचपात्र, आजीचे जाते, वडिलांच्या हातची पोथी आणि आजोबांचे खिशातील घड्याळ ह्यांचे भाग कसे पाडावे? ह्यांपैकी पहिल्या तीन वस्तू जपणे फारसे अवघड नाही. पंचपात्र चिंचेने घासले की लखलखते, जाते कोपऱ्यात पडून राहिले तरी त्याचे काही बिघडत नाही, पोथीस तांबडे फडके आणि कोरडी जागा पुरते. घड्याळाचे तसे नाही. ते नुसते ठेवून दिले तर आतल्या आत थिजते, आणि निगा न राखता चालवीत राहिले तर झिजते. ह्या दोहोंमधील मार्ग कोणता, ह्याविषयी आमच्या घरी २०१९ सालापासून जो विचार, जो वाद व जो खर्च झाला, तो आमच्या वाचकांपुढे मांडावा असे फार दिवस मनात होते. अशी घड्याळे पुष्कळ घरांच्या कपाटांत अद्याप पडून असतील, आणि ती कोणाच्या हाती द्यावी हा प्रश्न त्या घरांसही कधी ना कधी पडणारच.

आमच्या आजोबांनी हे घड्याळ १९२६ साली मुंबईस घेतले. ते वेस्ट एंड वॉच कंपनीचे. ह्या कंपनीचा जन्म १८८६ सालचा. घड्याळे बनत स्वित्झर्लंडात, आणि विकली जात मुंबई व कलकत्ता येथील पेढ्यांतून. हिंदुस्थानातील पेन्शनर, वकील, मामलेदार, स्टेशनमास्तर अशा मंडळींच्या खिशात ह्या कंपनीची घड्याळे पुष्कळ असत. त्यांपैकी ‘क्वीन ॲन’ नावाची एक जात होती; आमचे घड्याळ त्याच जातीचे आहे. चांदीचे घर, मागे एकावर एक दोन झाकणे, पांढरी तबकडी, काळे आकडे आणि सहाच्या जागी सेकंदाच्या काट्याची लहानशी वाटी. तबकडीस घरातील सर्व मंडळी ‘चिनी मातीची’ म्हणतात. वस्तुतः ती तांब्याच्या पातळ पत्र्यावर काचेची पूड पसरून भट्टीत वितळवून केलेली आहे. तिचा पांढरेपणा शंभर वर्षांनीही उणा होत नाही, पण धक्का लागला तर तीस केसासारख्या चिरा मात्र पडतात. काटे निळे आहेत. तो निळा रंग वरून दिलेला नव्हे. पोलाद सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापविले म्हणजे त्याच्या अंगीच ती निळाई उमटते.

आजोबांच्या वेळी मुंबईत दोन वेळा नांदत होत्या, हे हल्लीच्या मुलांस सांगितले तर खरे वाटत नाही. सर्व देशाची म्हणून एक प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. परंतु मुंबईकरांनी आपली स्थानिक वेळ, जी प्रमाण वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे, ती सोडण्याचे नाकारले आणि ‘बॉम्बे टाइम’ तेथे १९५५ पर्यंत टिकून राहिला. आजोबांस कामानिमित्त वर्षातून तीनचार वेळा मुंबईस जावे लागे. गाडी धरावयाची ती प्रमाण वेळेने, आणि शहरात कोणास भेटावयाचे ते मुंबईच्या वेळेने. त्यामुळे बोरीबंदरास उतरले की काटे मागे घ्यावयाचे व परतताना पुढे सारावयाचे, असा त्यांचा क्रम असे. घड्याळाची चावी बाहेर ओढून काटे फिरविण्याचा हा व्यायाम इतक्या वेळा झाला, की त्या चावीची दांडी १९३८ सालीच एकदा बदलावी लागली. हे साल आम्हांस कसे कळले, ते पुढे येईलच.

आम्ही यंत्रशास्त्र शिकलो नाही. मॅट्रिकनंतर पाठशाळेत बसून तर्कसंग्रह घोकला आणि पुढे पस्तीस वर्षे मुलांकडून शब्दरूपे पाठ करवून घेतली. तथापि मिरजेच्या ज्या वृद्ध घड्याळजींनी हे घड्याळ आमच्यासमोर उघडले, त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून जे पाहिले त्यावरून एवढे समजले, की त्यातील सारी युक्ती शक्ती हळूहळू सोडण्यात आहे. एका डबीत पोलादाची पट्टी गुंडाळलेली असते. चावी दिली की ती घट्ट होते आणि उलगडण्यासाठी धडपडू लागते. तिला एकदम उलगडू दिले तर क्षणात सर्व चाके गरगर फिरून थांबतील. म्हणून चाकांच्या शेवटी एक दातेरी चक्र व त्यास अडवणारा दोन नखांचा पंजा बसविलेला असतो. आणि त्या पंजास दर वेळी सोडण्याची व पुन्हा अडकविण्याची आज्ञा देणारे, केसासारख्या कमानीवर इकडून तिकडे झुलणारे एक चक्र असते. आपण जी टिकटिक ऐकतो ती ह्या नखांनी दात अडविण्याची. जुन्या घड्याळांत हे एका सेकंदात पाच वेळा, म्हणजे तासात अठरा हजार वेळा घडते. अहोरात्राचा हिशेब केला तर ठोक्यांची संख्या ४,३२,००० भरते. पंचांग पाहणाऱ्या वाचकांच्या ध्यानात लगेच येईल, की कलियुगाच्या वर्षांची संख्याही नेमकी तीच आहे. ह्यातून काही गूढ अर्थ काढावयाचा नाही. परंतु हा गुणाकार आम्ही त्या दुकानात कागदावर मांडला तेव्हा घड्याळजींसही मौज वाटली, एवढे खरे.

त्या नखांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ती माणकाची असतात. घड्याळावर ‘पंधरा ज्वेल’ असे लिहिलेले असते ती हीच रत्ने; चाकांचे आस ज्या भोकांत फिरतात ती भोकेही माणकाचीच. मात्र ह्यासाठी कोणी खाण खणीत नाही. १९०२ साली व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने भट्टीत माणिक बनविण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हापासून घड्याळांत बहुधा कृत्रिम माणकेच येतात. ती दोन नखे पंजात कशाने चिकटविली आहेत असे आम्ही विचारले. घड्याळजी म्हणाले, “लाखेने.” महाभारतातील लाक्षागृह ज्या पदार्थाचे, आणि जो आपल्याच देशातील पळस, कुसुंब इत्यादी वृक्षांवरील किड्यांपासून पुष्कळ प्रमाणात मिळतो, त्याच पदार्थाचा कण स्वित्झर्लंडातील कारागीर घड्याळाच्या मर्मस्थानी वापरीत आला आहे. ही माहिती केवळ कौतुकाची नाही. लाख स्पिरिटात विरघळते. म्हणून हौशी मनुष्याने घरी घड्याळ उघडून ते स्पिरिटाने धुतले, तर नखे सुटून येतात.

आता तेलाकडे वळू. घड्याळाचे आयुष्य त्याच्या पोलादावर जितके अवलंबून आहे, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, टाचणीच्या टोकावर मावणाऱ्या तेलाच्या थेंबावर आहे. झुलणाऱ्या चक्राच्या आसाचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे बारीक असते, आणि त्याने सेकंदात पाच वेळा दिशा बदलावयाची. तेल ओले आहे तोवर ते टोक माणकावर सुखाने फिरते. काही वर्षांनी तेल दाट होते, पुढे वाळते, आणि त्यात धूळ मिसळली म्हणजे ते वंगण न राहता घासण्याचे द्रव्य होते. पूर्वीची तेले प्राणिज असत. उत्तम तेल म्हणून जे नावाजले जाई ते डॉल्फिनच्या कुळातील सागरी प्राण्यांच्या जबड्यातून काढीत. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत कडक असलेल्या आमच्या आजोबांस हे ठाऊक असते, तर त्यांनी घड्याळ सोडले असते की सोवळे, हे सांगवत नाही. हल्लीची तेले प्रयोगशाळेत बनतात आणि अधिक टिकतात; तरीही रोज चालणारे जुने घड्याळ चारपाच वर्षांनी संपूर्ण उघडून, धुऊन, नव्याने तेल घालून घेतले पाहिजे. ‘चालते आहे, मग कशास उघडावे?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. वाळलेल्या तेलावर चालणारे घड्याळ चालत असतानाच झिजत असते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

धुळीच्या एका कणाने काय होते, ह्याचा दृष्टांत आपल्याकडे फार जुना आहे. घड्याळ हा शब्दच घटिकेपासून आलेला, आणि घटिका मोजावयाची ती पाण्यावर तरंगणाऱ्या, बुडाशी सूक्ष्म छिद्र असलेल्या पात्राने. भास्कराचार्यांची कन्या लीलावती हिच्या विवाहाच्या वेळी तिच्या अलंकारातील मोती त्या पात्रात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला, अशी आख्यायिका आहे. ती फैजीने १५८७ साली केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरात येते; खरीखोटी कशीही असो, घड्याळजीस ती पटण्यासारखी आहे. आमच्या घरी दसऱ्यास सरस्वतीपूजनात पोथ्यांबरोबर हे घड्याळही पाटावर मांडीत. १९५३ साली ते उघडले तेव्हा तबकडीखाली तांबूस पूड निघाली, आणि ती कुंकवाची निघाली. तेव्हापासून आजीने नियम केला, की हळदकुंकू डबीला वाहावयाचे, घड्याळाला नाही. तो नियम आजपर्यंत पाळला जातो.

ही सालवारी कोठून आली, असे वाचक विचारतील. घड्याळाच्या मागच्या आतील झाकणावर, भिंगाशिवाय दिसणार नाहीत अशा बारीक अक्षरांत, ज्या ज्या कारागिराने ते उघडले त्याने आपली खूण व साल सुईने कोरले आहे. ही घड्याळजींची जुनी व सर्वत्र चालणारी चाल आहे. आमच्या झाकणावर अशा सात खुणा होत्या. पहिली १९३१ ची. १९३८ च्या खुणेपुढे दांडीचे चित्र काढावे तशी एक रेघ आहे. १९४४ आणि १९५३ ह्यांच्यामध्ये मोठे अंतर पडले आहे; त्या काळात आजोबा बराच काळ अंथरुणास खिळून होते आणि घरात पैशाची ओढ होती, असे वडील सांगत. १९६१ पासून पुढे घड्याळ वडिलांच्या हाती आले. १९७९ नंतर खूण नाही. त्याचेही कारण उघड आहे. वडिलांनी मनगटी एच. एम. टी. घेतले होते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे १९६१ साली हा सरकारी कारखाना निघाला, आणि पुढील वीसपंचवीस वर्षे मध्यम स्थितीतील प्रत्येक घरात त्याचे एखादे तरी घड्याळ असे. पुढे सेलवर चालणारी घड्याळे आली. जपानच्या सायको कंपनीने त्यांतले पहिले मनगटी घड्याळ १९६९ च्या डिसेंबरात विकावयास काढले होते. हल्लीच्या अशा घड्याळांतील स्फटिक बहुधा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. आमच्या घड्याळाच्या पाच ठोक्यांनी त्याच्याशी स्पर्धा कोठे करावी? स्वस्त, अचूक, चावी नको, तेल नको. एच. एम. टी. घड्याळांचा कारखानाही २०१६ साली बंद झाला. गल्लीगल्लीतील घड्याळजींच्या टपऱ्या आता सेल आणि पट्टे बदलून देण्यापुरत्या उरल्या आहेत. वडील मात्र आजोबांचे घड्याळ महिन्यातून एकदा काढीत, चावी देत, ऐकत, आणि परत ठेवीत.

सांगलीच्या गावभागात आमचे घर. २००५ च्या पुरात पाणी फडताळाच्या ज्या खणापर्यंत आले होते, त्याच्या दोन खण वर सर्व मोलाच्या वस्तू ठेवण्याची पद्धत तेव्हापासून पडली होती. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेने ती मर्यादाही ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फूट असता आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. आम्हा सर्व मंडळींस, त्यांत शहाऐंशी वर्षांच्या आत्याबाईही होत्या, रात्री नावेतून बाहेर काढण्यात आले. आठवड्याने परत येऊन पाहतो, तर शिसवी डबी चिखलाने भरलेली, चांदी काळी ठिक्कर, आणि काचेच्या आत अर्ध्यावर गढूळ पाण्याची रेषा.

धाकट्या बंधूंनी घड्याळ हातात घेऊन चावीकडे बोट नेले, तोच पुतण्याने मिरजेच्या घड्याळजींस दूरध्वनी लावला. पलीकडून पहिलेच वाक्य आले ते असे: “गुरुजींना सांगा, चावी देऊ नका, काटे फिरवू नका, उन्हात तर ठेवूच नका.” ओल्या घड्याळास चावी देणे म्हणजे वाळूचे कण चाकांच्या दातांत भरडणे, आणि उन्हात ठेवले की आतील पाण्याची वाफ होऊन ते जेथे पोहोचले नव्हते तेथेही पोहोचते. त्यांनी ते तसेच्या तसे आणावयास सांगितले. दुकानात पोहोचताच त्यांनी मागची झाकणे उघडली, यंत्र घरातून सोडवून वेगळे केले, आणि स्वच्छ रॉकेलच्या बरणीत बुडवून ठेवले. त्याने गंज पुढे वाढण्याचे थांबते आणि लाखेस धक्का लागत नाही. पूरग्रस्तांची आणखी अकरा घड्याळे त्याच फळीवर होती. “आमची पाळी येईपर्यंत हे इथे सुखात आहे,” असे म्हणून त्यांनी आम्हांस घरी पाठविले; आणि घरी वादास प्रारंभ झाला.

बंधूंचे म्हणणे असे, की आता ह्या घड्याळाचे यंत्र म्हणून आयुष्य संपले. ते चिखलाच्या डागांसह काचेच्या पेटीत ठेवावे, म्हणजे आजोबांची व पुराची अशी दुहेरी आठवण राहील. पुतण्या पुण्यास संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने तेथील एका दुकानात चौकशी केली होती. दुकानदार म्हणाला, आतील गंजलेले सामान काढून टाकून सेलवर चालणारे यंत्र बसवितो, तबकडी नवी छापून घेतो, चांदीस झिलई करितो. आठ दिवसांत घड्याळ नवे कोरे. पुतण्याचा हेतू वाईट नव्हता. घड्याळ चालावे, घरातील मुलांनी ते वापरावे, असेच त्यास वाटत होते. आमचा मात्र दोन्ही सूचनांस विरोध होता. काचेच्या पेटीत ठेवलेला गंज थांबत नाही. दहा वर्षांनी पेटीत तांबडी माती उरेल. आणि नव्या कोऱ्या घड्याळास आजोबांचे म्हणावयाचे, तर त्यात आजोबांचे राहिले काय? केवळ घर. तबकडीवरील चिरा, झाकणावरील अक्षरे, चांदीवर अंगठ्याने पडलेला गुळगुळीत खळगा, हे सर्व त्या झिलईत जावयाचे. चांदी घासून उजळते म्हणजे चांदीचाच पातळ थर निघून जातो. आजोबांच्या नावाची आद्याक्षरे आधीच पुसट झाली होती.

वाद चार दिवस चालला. एकत्र कुटुंबात असे वाद जेवणाच्या पंक्तीत होतात आणि ताक वाढण्याच्या वेळी तहकूब होतात, हे वाचकांस ठाऊकच आहे. शेवटी आत्याबाईंनी विचारले, “ते पुन्हा वाजेल का? बाबांच्या उशाशी वाजायचं तसं?” लहानपणी त्या वडिलांजवळ निजत, आणि घड्याळ उशापाशी खुंटीस टांगलेले असे. आम्ही म्हटले, खर्च होईल, वेळ लागेल, पण मिरजेचे म्हणतात की वाजेल. त्या म्हणाल्या, “मग तेच करा. माझ्या बांगड्यांतली एक मोडा हवी तर.” बांगडी मोडावी लागली नाही, पण त्यानंतर कोणी तोंड उघडले नाही.

दुरुस्तीस अडीच महिने लागले. पितळी पाट्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असल्यामुळे त्या पुसताच निघाल्या. माणकांस पाणी काय करणार? गंजले ते पोलाद. मुख्य कमान दोन ठिकाणी तुटली होती. तिच्या जागी नव्या मिश्रधातूची कमान घातली, जी गंजत नाही आणि सहसा तुटतही नाही. चावीची दांडी गेली. दोन स्क्रू गेले. सर्वांत वाईट म्हणजे झुलणाऱ्या चक्राच्या आसाचे टोक तुटले होते आणि केसकमानीवर गंजाचे ठिपके पडले होते. ही जोडी एकमेकांच्या मापाने जुळविलेली असते. एक बदलले की दुसऱ्याचे गणित चुकते. म्हणून त्याच जातीचे, त्याच मापाचे एखादे निकामी घड्याळ शोधणे भाग पडले. ते पुतण्यानेच मुंबईच्या चोरबाजारात तीन रविवार हिंडून, एका ट्रेमधील शेपन्नास मृत घड्याळांतून शोधून काढले. त्यास आधी यंत्र बदलावयाचे होते. आता तो भिंग घेऊन फिरू लागला होता.

तबकडी घड्याळजींनी फक्त कोमट पाण्याने व मऊ कुंचल्याने धुतली. चिरांत गेलेला कृष्णेचा गाळ पूर्ण निघाला नाही. एक चीर अद्याप तपकिरी दिसते. “औषध लावले तर निघेल, पण आकडेही निघतील,” असे त्यांनी सांगितले, आणि आम्ही ती तशीच राहू दिली. बदललेले सर्व तुकडे त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून, वर तारीख घालून आम्हांस परत दिले. आमच्या वाचकांनी कोणतेही जुने घड्याळ दुरुस्तीस दिले तर ही पुडी मागून घ्यावी. पुढच्या कारागिरास काय मूळचे आणि काय नवे, हे त्यावरून कळते. शेवटी त्यांनी झाकणावर सुईने आठवी खूण कोरली. पुतण्या म्हणाला, हल्लीचे जाणकार अशा कोरण्यास नावे ठेवितात. धातूवर नवा ओरखडा काढू नये, वहीत नोंद करावी असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. तरी ज्या फळ्यावर सात जणांनी सह्या केल्या आहेत तेथे आठव्यास नको म्हणणे आमच्याने झाले नाही.

परत आणताना गाडीत मनात एक शंका उद्भवली, ती तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास उद्भवावयाचीच. नैयायिकांचे मत असे, की वस्त्रातील एक तंतू निघाला तरी जुने वस्त्र नष्ट होते, आणि उरलेल्या तंतूंचे एक नवे खंडवस्त्र उत्पन्न होते. मग ज्याचे कमान, दांडी, स्क्रू आणि हृदयस्थानीचे चक्र बदलले, ते घड्याळ आजोबांचे कसे? त्यावर प्रतिपक्षाचे उत्तर प्रत्यभिज्ञेचे: ‘तोच हा देवदत्त’ अशी ओळख पटते, म्हणून तो तोच. आत्याबाईंस अलीकडे कमी ऐकू येते. त्यांनी घड्याळ कानाशी न धरता कानामागील हाडावर टेकविले. हाडातून आवाज पोहोचतो हे त्यांस कोणी शिकविले कोण जाणे. बराच वेळ डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, “हेच.” आम्ही नैयायिकाचा हट्ट सोडला नाही आणि घड्याळजींस दूरध्वनीवर विचारले. त्यांनी सांगितले, “गुरुजी, आवाज मुख्यतः माणकाच्या नखांचा आणि दातेरी चक्राचा. ती दोन्ही जुनीच आहेत. मी फक्त धुतली.”

ज्यांच्या घरी असे घड्याळ असेल त्यांस दोनचार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. चावी रोज सकाळी ठराविक वेळी द्यावी. अटकाव जाणवला की थांबावे. रात्री घड्याळ खुंटीस उभे टांगावे, कारण खिशात ते उभेच असते आणि आडवे पडले की त्याची चाल बदलते. पावसाळ्यात औषधांच्या बाटल्यांत येणारी ओल शोषणारी पुडी डबीत टाकावी. तांदळात घड्याळ पुरण्याची रीत बरी नव्हे, तांदळाची धूळ आत जाते. भ्रमणध्वनी, त्याची लोहचुंबकाची पाकिटे आणि ध्वनिवर्धक ह्यांच्याजवळ घड्याळ ठेवू नये. केसकमानीस चुंबकत्व आले की तिची वेटोळी एकमेकांस चिकटतात आणि घड्याळ एकाएकी वेड्यासारखे पुढे धावू लागते. सुदैवाने ह्यावर उपाय दोन मिनिटांचा आहे, चुंबकत्व उतरविण्याचे यंत्र कारागिराजवळ असते. आणि अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचे १९६० पूर्वीचे मनगटी घड्याळ घरात असेल, तर ते मुलांच्या हाती देऊ नये व घरी मुळीच उघडू नये. तो रंग रेडियमचा असण्याचा संभव असतो. त्याची चमक विझली तरी रेडियम विझलेले नसते. त्याचे निम्मे होण्यास सोळाशे वर्षे लागतात, आणि त्या रंगाची पूड श्वासातून पोटात जाणे घातक आहे.

आमचे घड्याळ हल्ली दिवसाला दीड मिनिट पुढे जाते. पुतण्याने भ्रमणध्वनीवर टिकटिक ऐकून चाल सांगणारी सोय घेतली आहे, तीही एवढेच सांगते. दीड मिनिट हा दोष मानावा असे आम्हांस वाटत नाही. रोज सकाळी सात वाजता सूनबाई चावी देतात आणि काटे मागे घेतात. मिरजेच्या घड्याळजींनी २०२२ साली डोळ्यांमुळे काम सोडले. २०२३ च्या तेलपाण्यासाठी पुण्यातील एक तरुण कारागीर मिळाला, त्याने झाकण उघडल्यावर काम सुरू करण्यापूर्वी आठही खुणा भिंगातून वाचून काढल्या. नववी त्याची आहे. आता पुढील खेप २०२८ च्या दिवाळीनंतर. जुन्या तुकड्यांच्या दोन पुड्या डबीच्या खालच्या कप्प्यात आहेत, आणि डबी हल्ली माडीवर असते.